आभासी यंत्रातील पार्टिशन वाढवणे

१. ‘डिस्क वाढवली, पण जागा तेवढीच दिसते’ : पनवेलच्या हिरानंदानी फॉर्च्यून सिटीत २०२० साली सुरू झालेल्या योट्टाच्या ‘एनएम१’सारख्या डेटा सेंटरमध्ये एकाच सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालवता येतात. अशा यंत्राची डिस्क बाहेरून काही क्षणांत मोठी होते, पण आतल्या लिनक्सला ती जागा लगेच वापरता येतेच असे नाही. डिस्क, पार्टिशन आणि फाइल सिस्टिम हे तीन थर याच क्रमाने वाढवावे लागतात. त्यासाठीच्या आज्ञा अशा: पार्टिशनसाठी ‘ग्रोपार्ट’, नंतर एक्स्ट४ फाइल सिस्टिमसाठी ‘रिसाइझटूएफएस’, एक्सएफएससाठी ‘एक्सएफएस-ग्रोएफएस’. फ्रीबीएसडीत हेच काम ‘जीपार्ट’ आणि ‘ग्रोएफएस’ करतात. पार्टिशनला लागून पुढे स्वॅप (मेमरीला पूरक म्हणून राखलेली डिस्कवरची जागा) असेल, तर मोकळी जागा त्याच्या पलीकडे पडते. म्हणून आधी स्वॅप बंद करून हलवावे. पार्टिशनांची नोंद ठेवणाऱ्या जीपीटी तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. तीही नव्या शेवटाला न्यावी लागते. वाढवताना पार्टिशनचा आरंभ तसूभरही हलता कामा नये, नाहीतर आतल्या फाइल सापडणार नाहीत. त्यामुळे वाचकाने बॅकअप घेतल्याशिवाय या कामाला हात घालू नये. — संपादक