आयटी कायद्याचं कलम ६६ए काय होतं? ते रद्द का झालं आणि आज आपल्या पोस्टला कोणते कायदे लागू होतात?

फेसबुकवर एखाद्या पोस्टला लाईक करायला एक सेकंदही लागत नाही. पण नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरमधल्या एका तरुणीला अशाच एका लाईकमुळे अटक झाली होती.

बाळासाहेब ठाकरे यांचं १७ नोव्हेंबरला निधन झालं आणि मुंबईसह आसपासचा परिसर बंद होता. हा बंद लोकांनी आदरापोटी पाळला की भीतीपोटी, असा प्रश्न उपस्थित करणारी पोस्ट एका तरुणीने टाकली. तिच्या मैत्रिणीने ती लाईक केली. दोघींवर गुन्हा दाखल झाला, अटक झाली आणि मग जामीन मिळाला. देशभर टीका झाल्यावर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि पुढे हा खटलाही बंद झाला. पण ज्या कलमाखाली हे सगळं घडलं, ते कायद्यात तसंच राहिलं. ते कलम होतं ६६ए.

कलम ६६ए म्हणजे काय?

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा, म्हणजेच आयटी ॲक्ट, २००० साली आला. तेव्हा भारतात स्मार्टफोन नव्हते आणि फेसबुकचा जन्मही झाला नव्हता. ऑनलाइन व्यवहार आणि डिजिटल सह्यांना कायदेशीर मान्यता देणं हा त्या कायद्याचा मुख्य हेतू होता. नंतर ईमेल, एसएमएस आणि सोशल मीडिया वाढले, तशी कायद्यात २००८ मध्ये दुरुस्ती झाली आणि ऑक्टोबर २००९ पासून ती लागू झाली. ६६ए हे कलम याच दुरुस्तीतून आलं.

कॉम्प्युटर किंवा मोबाईलवरून 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकूर पाठवणं हा या कलमाखाली गुन्हा होता. खोटी माहिती पाठवून कुणाला मुद्दाम वारंवार त्रास देणं किंवा गैरसोय करणं हाही गुन्हा होता. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शिवाय पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत होते.

अडचण नेमकी कुठे होती?

अडचण शब्दांमध्ये होती. 'आक्षेपार्ह' म्हणजे काय? 'त्रास' म्हणजे काय? कायद्यात याची व्याख्याच नव्हती. एकाला विनोद वाटणारं मीम दुसऱ्याला अपमान वाटू शकतं. मग गुन्हा झाला की नाही हे ठरवणार कोण? प्रत्यक्षात ते तक्रार करणारा आणि पोलीस ठाण्यातला अधिकारी ठरवायचे. पालघरच्या घटनेआधी काही महिने कोलकात्यात जाधवपूर विद्यापीठाच्या एका प्राध्यापकांना मुख्यमंत्र्यांवरचं व्यंगचित्र ईमेलने फॉरवर्ड केल्याबद्दल अटक झाली होती. तिथेही हेच कलम लावलं होतं.

सुप्रीम कोर्ट काय म्हणालं?

पालघरच्या घटनेनंतर लगेचच श्रेया सिंघल या तरुणीने सुप्रीम कोर्टात जनहित याचिका दाखल केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने ६६ए पूर्णपणे रद्द केलं. निकालातले महत्त्वाचे मुद्दे असे:

१. चर्चा करणं, एखाद्या मताचा प्रचार करणं आणि लोकांना चिथावणी देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन कितीही न आवडणाऱ्या असल्या तरी त्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यात येतात. बोलणं चिथावणीपर्यंत पोहोचलं, तरच कायदा मध्ये येऊ शकतो.

२. शब्द इतके मोघम असतील की कशामुळे गुन्हा होतो हे नागरिकाला कळतच नाही, तर लोक भीतीने गप्प बसतात.

३. आम्ही या कलमाचा गैरवापर होऊ देणार नाही, असं आश्वासन सरकारने दिलं होतं. कोर्टाने ते पुरेसं मानलं नाही. सरकारं येतात आणि जातात, कायदा मात्र तसाच राहतो, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

याच निकालात वेबसाइट किंवा मजकूर ब्लॉक करण्याचा सरकारचा अधिकार, म्हणजे कलम ६९ए, कोर्टाने कायम ठेवला. कारण तिथे ठरलेली प्रक्रिया आहे आणि ब्लॉक करण्याची कारणं लेखी द्यावी लागतात.

रद्द झालं, तरी गुन्हे दाखल होतच राहिले

इथे खरी गंमत आहे, आणि ती हसण्यासारखी नाही. निकालानंतरही अनेक राज्यांत पोलीस ६६ए लावत राहिले. या कलमाखालचे ७४५ खटले ११ राज्यांतल्या जिल्हा न्यायालयांत अजून सुरू आहेत, असं २०२१ मध्ये पीयूसीएल या संस्थेने सुप्रीम कोर्टाला सांगितलं. ॲटर्नी जनरल यांनी सांगितलेलं कारण साधं होतं: कायद्याच्या छापील पुस्तकात कलम अजूनही तसंच दिसतं, ते रद्द झाल्याची नोंद फक्त तळटीपेत असते! शेवटी १२ ऑक्टोबर २०२२ रोजी कोर्टाने स्पष्ट आदेश दिला की कुणावरही ६६एखाली खटला चालवू नये आणि चालू खटल्यांमधून हे कलम काढून टाकावं.

म्हणजे आता काहीही पोस्ट केलं तरी चालेल?

नाही. ६६ए गेलं, बाकीचे कायदे आहेतच:

• दुसऱ्याचं नाव किंवा ओळख वापरून फसवणूक: आयटी ॲक्ट, कलम ६६डी
• परवानगीशिवाय कुणाच्या खासगी अवयवांचे फोटो काढणं किंवा पसरवणं: कलम ६६ई
• अश्लील मजकूर पसरवणं: कलम ६७
• बदनामी: भारतीय न्याय संहिता, कलम ३५६
• धर्म, जात, भाषा यांवरून तेढ निर्माण करणं: भारतीय न्याय संहिता, कलम १९६

फरक हा की इथे कोणती कृती गुन्हा आहे हे बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि लक्षात ठेवा, आयटी ॲक्टच्या या कलमांत पोस्ट करणाऱ्यासोबत ती पुढे पाठवणाराही अडकू शकतो.

तुम्ही काय करू शकता?

कुणी तुमच्या पोस्टवरून तक्रार केली, तर सगळ्यात आधी कोणतं कलम लावलं आहे ते विचारा. एफआयआर झाला असेल तर त्याची प्रत पाहा. त्यात ६६ए दिसलं, तर वकिलाला २०१५ चा श्रेया सिंघल निकाल आणि २०२२ चा आदेश दाखवायला सांगा. उलट तुमच्यासोबतच ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाली असेल, तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. उशीर जितका कमी, तितकी पैसे थांबवता येण्याची शक्यता जास्त.

तंत्रज्ञान धावतं आणि कायदा मागून चालत येतो, हे खरंच आहे. पण कायदा घाईत, मोघम शब्दांत लिहिला गेला तर काय होतं, ते ६६एने दाखवून दिलं. आता डीपफेक आणि एआयसाठी नवे नियम येत आहेत. ते वाचताना एक प्रश्न नक्की विचारा: यात नेमकी कोणती कृती गुन्हा ठरवली आहे? उत्तर सापडलं नाही, तर काळजी करण्याचं कारण आहे.