तळटीप : कानांतले दडे

१. मरोळच्या छपरांवरून विमान चढताना लेखकाच्या कानांत दडे बसले, ते हवेचा दाब उतरल्यामुळे. कानांत कापूस घालण्याचा इथे उपयोग नाही. हवा स्वतःच्याच भाराने तळाशी दाट होते, म्हणून दाब सुरुवातीला झपाट्याने घटतो : समुद्रसपाटीला सुमारे १०१३ मिलिबार, कळसूबाईवर (१६४६ मीटर) ८३०च्या आसपास, ११ किलोमीटरवर जेमतेम २२६. विमाने तेवढ्या उंचीवर जातात, म्हणून केबिनमध्ये हवा भरून दाब साधारण २४०० मीटर उंचीइतका राखतात. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई–जयपूर विमानात हा दाब राखण्याचा स्विच लावायचा राहिला; सुमारे ३० प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आले आणि विमान मुंबईला परतले. — संपा.