छत्तीस गडांपैकी एक

भिलाईच्या शेजारी, शिवनाथ नदीच्या काठी, जे जुने गाव आहे त्याचे नाव दुर्ग. महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त इकडे येणाऱ्या माणसाला हे नाव ऐकून पहिला प्रश्न सुचतो तो हा, की किल्ला कोठे आहे? मीही तो विचारला होता. उत्तर देणारा नुसता हसला. सभोवार सपाट मुलूख, धानाची शेते आणि तळी. डोंगराचा पत्ता नाही. आमच्या भिलाईचा तर प्रश्नच नको. 1955 साली सोव्हिएट रशियाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि गावाच्या इतिहासाला जणू तेथूनच प्रारंभ झाला, असे येथल्या बहुतेकांना वाटते.

वास्तविक दुर्गात एके काळी मातीचा कोट होता. 1741 च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने छत्तीसगड पादाक्रांत केले तेव्हा तिचा तळ याच दुर्गात पडला होता. परंतु या गावाचे नाव समजून घ्यायला कोटाचे अवशेष शोधून भागत नाही. छत्तीसगडात ‘गड’ या शब्दाचा अर्थ आपल्या अर्थाहून वेगळा आहे. सह्याद्रीत वाढलेल्या मनाला गड म्हटला की कडा, बुरूज आणि पाण्याचे टाके दिसते. येथे गड म्हणजे मुळात चौऱ्यांशी गावांचा कारभारी घटक. बारा गावांचा एक तालुका, अशा सात तालुक्यांचा एक गड, आणि त्यावर एक दिवाण. शिवनाथच्या उत्तरेला रतनपूरच्या राजाचे अठरा गड, दक्षिणेला रायपूरच्या शाखेचे अठरा, मिळून छत्तीस. रायबहादूर हिरालाल यांनी ‘चेदीशगढ’ या शब्दावरून हे नाव आल्याचे सुचविले होते, पण लोकांनी छत्तीसचा आकडाच धरून ठेविला आहे. दक्षिणेकडील अठरांत दुर्ग आहे आणि जवळचे पाटणही आहे. म्हणजे एकाही बुरुजाच्या दर्शनावाचून आम्ही भिलाईकर गडावरच राहतो!

तरीही, या छत्तिसांत खराखुरा डोंगरावर चढलेला एखादा गड पाहावा, ही इच्छा मनातून जाईना. उत्तरेकडील अठरांच्या यादीत लाफा हे नाव आहे. या गडाला चैतुरगड असेही म्हणतात. गेल्या वर्षी दसरा होऊन गेल्यावर मी तेथे गेलो. आगगाडीने बिलासपूर, तेथून मोटारीने रतनपूर, पुढे पाली, आणि मग सालवृक्षांच्या गर्द रानातून लाफा. आता हा भाग कोरबा जिल्ह्यात येतो. डोंगराची उंची तीन हजार फुटांहून अधिक आहे. मोटार बरीच वरपर्यंत जाते. शेवटची चढण पायांनीच करावी लागते, आणि तेच बरे. मोटारीतून थेट दारात उतरणाऱ्याला गड कधी कळत नाही.

वर पोहोचल्यावर माझ्या डोळ्यांनी सवयीप्रमाणे तटाचा शोध घेतला. तट सलग नाही. निसर्गानेच बहुतेक बाजूंनी कडे उभे केले आहेत. जेथे ते कमी पडले तेवढ्याच जागी माणसाने भिंत घातली आहे. असे काम करणाऱ्याला डोंगर वाचता येत असला पाहिजे. दरवाजे तीन: सिंहद्वार, मेनका आणि हुंकरा. ही नावे कोणी ठेविली असतील ते असोत. हुंकरा हे नाव मात्र दरवाज्याला फार शोभते. आत विस्तीर्ण पठार आणि त्यावर तळी. पठारावर महिषासुरमर्दिनीचे नागर शैलीचे जुने देऊळ आहे आणि देवी बारा हातांची आहे. नवरात्रात येथे गर्दी लोटते. मी गेलो तेव्हा ती ओसरली होती. काही नारळांच्या करवंट्या आणि विझलेले दिवे मागे उरले होते. वाडे, कोठारे, शिबंदीची घरे यांपैकी डोळ्यांत भरेल असे काही मला दिसले नाही. गवत मात्र कमरेएवढे होते.

हा गड कलचुरींचा. त्रिपुरीच्या कलचुरी घराण्यातील कोकल्लाला अठरा पुत्र होते. थोरला त्रिपुरीचा राजा झाला आणि धाकट्यांना निरनिराळी मंडले मिळाली, असे जाजल्लदेवाचा 1114 सालचा रतनपूरचा शिलालेख सांगतो. त्या धाकट्यांपैकी एकाच्या वंशजांनी प्रथम याच डोंगराळ मुलखातील तुम्माण येथे राज्य केले आणि मग रत्नदेवाने रत्नपूर, म्हणजे आजचे रतनपूर, वसविले. लाफ्याचा किल्ला पृथ्वीदेव नावाच्या राजाने बांधला असे मानतात. या घराण्याचे लेख जमवून, वाचून, ते एका ग्रंथात 1955 साली सिद्ध करणारे पंडित नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी होते, हे मराठी श्रोत्यांना मुद्दाम सांगावेसे वाटते. ज्या घराण्याची सत्ता नागपूरने संपविली त्याचा इतिहासही नागपूरच्याच एका माणसाने उजेडात आणला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. डोंगरी किल्ला हा संकटकाळी आश्रय घेण्यासाठी असतो. याच घराण्यातील बाहर राजाने पठाणांच्या धामधुमीच्या काळात कोसगईच्या डोंगरी किल्ल्यावर आपले धन नेऊन ठेविले होते. मग भास्करराम कोल्हटकरांची फौज चालून आली तेव्हा रतनपूरचा राजा रघुनाथसिंह लाफ्यावर का गेला नाही? एकदोन दिवसांच्या चालीवर हा गड उभा होता. परंपरागत वृत्तांत असा, की एकुलता एक मुलगा वारल्याच्या दुःखात वृद्ध राजा बुडून गेला होता. फौज राजधानीशी येऊन ठेपली, तोफा सुरू झाल्या, वाड्याचा काही भाग ढासळला, आणि शेवटी एका राणीने तटावर चढून तहाचे निशाण दाखविले. शहरावर एक लाख रुपयांचा दंड बसला. गडावर बसून मी विचार करीत होतो, की या गडाने कोणता गुन्हा केला होता? त्याचा कडा अभंग होता, तळ्यांत पाणी होते. पण राजाच्या मनात चढण्याची इच्छाच उरली नव्हती.

माझ्या मते गडाचा खरा शेवट मात्र तेव्हाही झाला नाही. 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरासच राहिले. त्यांनी गावालगतच्या टेकडीवर रामाचे देऊळ बांधले. रामटेकच्या आठवणीने त्या टेकडीला रामटेकरी म्हणतात. दरबारात मराठी आणि मोडी आली, दसऱ्याला सोने वाटण्याची चाल आली. बिंबाजींच्या पश्चात नागपुराहून सुभेदार येऊ लागले. त्यांपैकी विठ्ठल दिनकर यांनी 1790 च्या सुमारास छत्तीस गडांची जुनी व्यवस्था मोडून सत्तावीस परगणे केले आणि त्यांवर कमाविसदार नेमले. वसुलीच्या दृष्टीने ते सोयीचे असेलही. परंतु ज्या दिवाणांशी रयतेचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते होते ते दूर झाले, आणि गड हा शब्द कागदावरून गेला. 1795 साली कॅप्टन ब्लंट या वाटेने गेला तेव्हा त्याला रतनपुरात हजारेक घरे आढळली, त्यांतील पुष्कळशी ओस होती.

जपानात असेच घडले होते. तेथेही डोंगरमाथ्यावर शेकडो किल्ले होते. 1615 साली तोकुगावांच्या राजवटीने हुकूम काढला, की एका जहागिरीत एकच किल्ला राहील. बाकीचे पाडून टाकावेत. ह्योगो प्रांतातील ताकेदाचा किल्ला तर त्याआधीच, 1600 च्या लढाईनंतर, ओस पडला होता. आज शरदातल्या सकाळी ढगांतून वर आलेली त्याची दगडी जोती पाहायला लोक लांबून येतात. आपल्याकडे 1818 नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कित्येक किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंगांनी उडविल्या. त्याबद्दल आपण अजून हळहळतो, आणि ते योग्यच आहे. पण छत्तीसगडचे गड एका मराठी सुभेदाराच्या बोरूने मोडले, हे आपल्या शाळेच्या इतिहासात मला कोठे वाचल्याचे स्मरत नाही. सुभेदाराने खोडलेला आकडा मात्र लोकांच्या तोंडी राहिला आणि 1 नोव्हेंबर 2000 रोजी तो एका राज्याचे नाव होऊन बसला.

उतरताना ऊन कलले होते. पायथ्याच्या वस्तीत चहाच्या टपरीवर एक वृद्ध बसले होते. त्यांनी विचारले, “कहाँ ले आए हव?” मी म्हटले, भिलाईहून. तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. मूळ गाव कोणते? मी नागपूर सांगितले आणि, खरे सांगतो, किंचित संकोचलो. ते म्हणाले, “भोसला मन के नागपुर?” आवाजात राग नव्हता, ओळखीच्या घराची चौकशी करावी तसा सूर होता. मग त्यांनी विचारले, तुमच्याकडे दसऱ्याला सोनपत्ती देतात काय? देतो, मी म्हटले, आपट्याची. त्यांनी कोपरीच्या खिशातून दोन सुकलेली पाने काढून बाकावर ठेविली. जोडपाने होती ती, आपट्याचीच.