डीमन : झडपेवरच्या राखणदाराची कुळकथा

रास्पबेरी पाय या तळहातावर मावणाऱ्या, एकाच पाटीवर सारे भाग बसवलेल्या संगणकावर 'होम असिस्टंट' ही घरातील दिवे, पंखे, तापमापक आणि कुलुपे यांची देखरेख करणारी प्रणाली बसवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. प्रणालीची तयार 'इमेज' मायक्रोएसडी कार्डावर उतरवायची, कार्ड खाचेत सरकवायचे, नेटवर्कची केबल आणि वीज जोडायची, आणि काही मिनिटांनी ब्राउझरमध्ये ८१२३ क्रमांकाच्या पोर्टावर घराचे पान उघडायचे, एवढेच काम उरते. पूर्वी मात्र ही प्रणाली पायथन भाषेच्या स्वतंत्र आवारात हाताने बसवणारे अनेक जण होते, आणि त्या पद्धतीची शेवटची पायरी म्हणजे दहा-बारा ओळींची एक फाइल लिहून प्रणालीला 'सिस्टिमडी'च्या हवाली करणे. नेटवर्क सुरू झाल्यावर जागी हो, अमुक वापरकर्त्याच्या नावाने चाल, पडलीस तर पुन्हा ऊठ, अशा आज्ञा त्या फाइलीत असत. सिस्टिमडी या नावाच्या शेवटी जो 'डी' लोंबतो, तो 'डीमन' या शब्दाचा आहे, आणि या कुळकथेचा नायक तोच आहे.

डीमन म्हणजे पडद्यावर न दिसता अखंड चालणारा, कोणाच्या हाकेची वाट न पाहता ठरावीक प्रसंग घडताच आपले काम उरकून पुन्हा दबा धरून बसणारा प्रोग्राम. युनिक्स कुळातील प्रणालींत अशा प्रोग्रामच्या नावाला शेवटी 'डी' जोडण्याची रीत आहे. ठरल्या वेळी कामे करणारा क्रॉनडी, मागेल त्याला वेबपाने वाढणारा एचटीटीपीडी आणि दूरवरून आलेल्याची ओळख पटवून त्याला आत घेणारा एसएसएचडी ही त्याच घराण्यातील मंडळी होत. या शब्दाचा माग काढत मागे गेले की एक चकित करणारा दुवा हाती लागतो. डीमन संगणकशास्त्रात आला तो उष्णतेच्या शास्त्रातून, आणि तेथे तो एका बंद पेटीच्या दोन खोल्यांपैकी एक ऊबदार व दुसरी थंड करण्यासाठी मधली झडप उघडझाप करणाऱ्या काल्पनिक जीवाचे नाव होता. म्हणजे घराचे तापमान राखण्यासाठी आज जो डीमन बसवला जातो, तो परक्या चाकरीला लागलेला नसून सुमारे दीडशे वर्षांनी आपल्या मूळ गावी परतला आहे, असे प्रतिपादन येथे करायचे आहे.

घरे आपोआप चालवण्याचा सर्वपरिचित इतिहास थोडक्यात सांगता येतो. कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात भट्टीचे तापमान आपोआप राखणारी योजना केली. वॉरन जॉन्सन यांनी १८८३ मध्ये अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्सने १९७५ मध्ये घरातील विजेच्या तारांतूनच दिव्यांना आज्ञा पाठवणारी एक्स-१० पद्धत तयार केली. रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला आणि २०१३ मध्ये पाउलस स्खौटसेन यांनी होम असिस्टंट लिहिण्यास प्रारंभ केला. या यादीत डीमनाचे नाव कोठेही येत नाही, कारण ती यंत्रांची यादी आहे आणि डीमन मुळात यंत्र नव्हता.

जेम्स क्लर्क मॅक्सवेल या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञांनी ११ डिसेंबर १८६७ रोजी आपले मित्र पीटर गथ्री टेट यांना लिहिलेल्या पत्रात हा जीव प्रथम अवतरला आणि १८७१ च्या 'थिअरी ऑफ हीट' या ग्रंथात तो वाचकांसमोर आला. उष्णता आपण होऊन गरम वस्तूकडून थंड वस्तूकडेच जाते, उलट कधीच जात नाही, असे उष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो. मॅक्सवेल यांनी या नियमाला कोठे फट आहे हे दाखवण्यासाठी हवेने भरलेली एक पेटी कल्पिली, तिच्या मधोमध भिंत घातली आणि भिंतीत एक इवलीशी झडप ठेवली. सगळ्या पेटीचे तापमान एकच असले, तरी हवेचे सारे रेणू काही एकाच वेगाने पळत नाहीत. तेव्हा प्रत्येक रेणू दिसू शकेल अशा एका तीक्ष्ण नजरेच्या जीवाने वेगवान रेणूंना एका बाजूला आणि मंद रेणूंना दुसऱ्या बाजूला जाऊ दिले, तर काही काळाने बाहेरून कोणतेही काम न करता एक खोली तापेल आणि दुसरी गार पडेल.

होम असिस्टंटमधील नियमाचे सामान्यतः तीन भाग असतात. शयनगृहाच्या तापमापकाने २८ अंशांचा आकडा ओलांडला हा 'ट्रिगर', म्हणजे नियमाला जागे करणारा प्रसंग. घरात कोणीतरी आहे ही 'कंडिशन', म्हणजे अट. आणि पंखा सुरू करणे ही 'ॲक्शन', म्हणजे कृती. मॅक्सवेल यांच्या जीवाचे काम याच साच्यात मांडून पाहता येते. रेणू झडपेजवळ आला हा ट्रिगर, त्याचा वेग ठरवलेल्या मर्यादेहून अधिक आहे ही कंडिशन, आणि झडप उघडणे ही ॲक्शन. साचा तंतोतंत बसतो, कोठेही ओढाताण करावी लागत नाही.

या जीवाला डीमन हे नाव मात्र मॅक्सवेल यांनी दिले नाही. ते विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८७४ मध्ये 'नेचर' नियतकालिकातील लेखात वापरले आणि १८७९ च्या व्याख्यानात त्याला 'निवड करणारा डीमन' म्हणून रूढ केले. मॅक्सवेल यांना हे बारसे मानवलेले दिसत नाही, कारण टेट यांना पाठवलेल्या एका टिपणात नावाचे जनकत्व थॉमसन यांच्याकडे देऊन त्यांनी यापुढे या जीवाला डीमन न म्हणता झडप म्हणावे असे सुचवले. त्यांची सूचना कोणी मनावर घेतली नाही.

१९६३ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या 'प्रोजेक्ट मॅक'मध्ये फर्नांडो कॉर्बातो यांचा गट आयबीएम ७०९४ या संगणकावर काम करीत असताना पार्श्वभूमीवर न थकता राबणाऱ्या प्रोग्रामांना डीमन म्हणू लागला. त्यांतला पहिला फाइलींच्या प्रती आपोआप टेपवर उतरवून ठेवीत असे. हा शब्द मॅक्सवेल यांच्या डीमनावरून सुचला, असे कॉर्बातो यांनी स्वतः पुढे सांगितले आहे. तरीही 'डिस्क अँड एक्झिक्युशन मॉनिटर' या शब्दांच्या आद्याक्षरांतून तो बनला, अशी दुसरी व्युत्पत्ती आजही हिरिरीने सांगितली जाते. 'न्यूज' या शब्दात चार दिशांची इंग्रजी आद्याक्षरे शोधणाऱ्या व्युत्पत्तीच्या जातीची ही आहे. शब्द आधी रुळला आणि त्याची फोड करून त्याला शहाणपणाचा अर्थ मागाहून चिकटवला गेला. अधिक गंभीर आक्षेप असा घेता येईल की, टेपवर प्रती काढणाऱ्या प्रोग्रामचा उष्णतेशी काडीचाही संबंध नव्हता, त्यामुळे उसने घेतले गेले ते केवळ नाव. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. दाराशी बसून राहायचे, प्रसंगाची वाट पाहायची, आणि तो घडला की मालकाला न विचारता निवाडा करायचा, हा स्वभाव नावाबरोबर आला, आणि थर्मोस्टॅटने कधी न केलेले काम घरात करायला पुढे तोच उपयोगी पडला.

नाव देताना थॉमसन यांनी पुरातन ग्रीक 'डाइमोन' उचलला होता, ख्रिस्ती धर्मोपदेशातला सैतानाचा हस्तक नव्हे. होमरकडे डाइमोन ही माणसाच्या आयुष्यात हात घालणारी निनावी दैवी शक्ती आहे. हेसिअडच्या मते सुवर्णयुगातील माणसे मृत्यूनंतर डाइमोन होऊन मर्त्यांची राखण करतात. सॉक्रेटिसला ऐकू येणारी आतली खूण त्याला चुकीच्या कामापासून परतवते, पण अमुक कर असे कधी सांगत नाही. या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती एकमेकींशी भांडत आल्या आहेत. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ तो 'दाइओमाइ', म्हणजे वाटणे, या क्रियापदाशी जोडतात आणि डाइमोन म्हणजे ज्याचा त्याचा वाटा ज्याला त्याला देणारा, असा अर्थ लावतात. हे क्रियापद संस्कृतातील 'दय्', म्हणजे वाटून देणे, या धातूचे सख्खे भावंड आहे, आणि 'दया' हा शब्द याच धातूचा. या तर्काला आपल्याकडून आणखी एक भक्कम साक्षीदार मिळतो. 'भज्' म्हणजे वाटणे, त्यावरून 'भग' म्हणजे वाटा व भाग्य, आणि ज्याच्याजवळ ते आहे तो 'भगवान'. इराणी 'बग' आणि रशियन 'बोग' म्हणजे देव, हेही याच गोतावळ्यातले. मराठी माणूस नशिबाला 'वाट्याला आलेले' म्हणतो, तेव्हा तोही नकळत हीच व्युत्पत्ती उच्चारीत असतो.

दुसरी व्युत्पत्ती प्लेटोच्या 'क्रातिलुस' या संवादात आहे. तिच्यानुसार डाइमोन हा 'डाएमोन', म्हणजे जाणता, याचा अपभ्रंश आहे. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ती टिकत नाही आणि तिला शब्दखेळ म्हणून बाजूला सारले जाते. पण आपल्या नायकाच्या बाबतीत ती इतक्या सहज मोडीत काढता येत नाही. मॅक्सवेल यांचा जीव रेणू वाटतो हे उघड आहे, मात्र वाटण्यापूर्वी त्याला प्रत्येक रेणूचा वेग जाणावा लागतो. व्युत्पत्ती पहिलीच खरी असली, तरी पुढचे सारे भौतिकशास्त्र दुसरीभोवती फिरले.

मराठीत डीमनाला 'राक्षस' म्हणण्याचा मोह होतो आणि तो चुकीचा ठरवणे सोपे वाटते, कारण या जीवात क्रौर्य औषधालाही नाही. पण हा शब्द वाटतो त्याहून जवळचा निघतो. रामायणाच्या उत्तरकांडात प्रजापतीने पाण्याच्या राखणीसाठी प्राणी निर्माण केल्याची कथा आहे; त्यांपैकी 'आम्ही रक्षण करू' म्हणणारे राक्षस झाले. आधुनिक कोशकार या नावाचा अर्थ 'ज्यापासून रक्षण करायचे तो' असाही लावतात, आणि त्यांचा पक्ष दुबळा नाही. परंतु राखणदार म्हणून जन्मलेला पुढे भीतीचा विषय व्हावा, ही डाइमोनाचीच गत येथेही दिसते. गोव्यात आणि तळकोकणात गावाची वेस सांभाळणारा देवचार किंवा राखणदार मात्र या घसरणीतून बराचसा वाचला आहे. त्याला देव म्हणत नाहीत आणि भूतही म्हणत नाहीत, त्याचा मान मात्र चुकवीत नाहीत. डीमनाला मराठी नाव द्यायचेच असेल, तर 'राखणदार' सर्वांत चपखल बसेल.

डीमनाच्या जाणण्याची किंमत किती, हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी १९२९ मध्ये पुढे आणला. डीमनाला मोजमाप करावे लागते आणि तेथेच दुसऱ्या नियमाची वसुली होते, असे त्यांचे उत्तर होते. आयबीएमच्या रॉल्फ लँडाउअर यांनी १९६१ मध्ये दाखवले की माहितीचा एक बिट पुसताना काही किमान उष्णता बाहेर पडतेच. खोलीच्या तापमानाला ती ज्यूलच्या एक लक्षकोटीव्या भागाहूनही कितीतरी लहान आहे, पण शून्य नाही. त्याच संस्थेतील चार्ल्स बेनेट यांनी १९८२ मध्ये निष्कर्ष पूर्ण केला. मोजमाप तत्त्वतः फुकट होऊ शकते, परंतु डीमनाची वही मर्यादित असल्याने जुन्या नोंदी त्याला कधी ना कधी पुसाव्याच लागतात, आणि कर भरावा लागतो तो पुसण्याचा.

रास्पबेरी पायच्या खाचेत बसलेले कार्ड ही डीमनाची वहीच आहे. ते ज्या फ्लॅश स्मृतीचे बनते, तिचा शोध तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी लावला, आणि एका सपाट्यात पुसले जाण्याची तिची रीत कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी वाटल्यामुळे त्यांच्या सहकाऱ्याने ते नाव सुचवले, असे सांगितले जाते. म्हणजे ही स्मृती नाव मिरवते ते लिहिण्याचे नव्हे, पुसण्याचे. तिच्यात नवे लिहिण्यापूर्वी जुना अख्खा ठोकळा पुसावा लागतो आणि प्रत्येक ठोकळा ठरावीक वेळाच पुसणे सोसतो. होम असिस्टंट प्रत्येक तापमापकाची हालचाल नोंदवीत राहते आणि विशेष सूचना नसेल तर १० दिवसांपूर्वीच्या नोंदी काढून टाकते. या सततच्या लिहिण्यापुसण्याने कार्ड झिजते, म्हणूनच जाणकार नोंदी एसएसडीवर हलवण्याचा सल्ला देतात. कार्डाची झीज आणि लँडाउअर यांची मर्यादा यांच्या परिमाणांत प्रचंड अंतर आहे आणि त्यांची भौतिक कारणेही वेगळी आहेत, हे मान्य करूनही राखणदाराला महाग पडते ते विसरणे, हा धडा दोन्हीकडे एकच राहतो.

यावर शेवटचा प्रतिस्पर्धी पक्ष असा की, स्वयंचलित घराचा पूर्वज डीमन नसून वाफेच्या यंत्राचा वेग राखणारा गव्हर्नर आहे. गंमत अशी की गव्हर्नराचे गणितही मॅक्सवेल यांनीच एका निबंधात मांडले, आणि तेही टेट यांना पत्र लिहिल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, मार्च १८६८ मध्ये. नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये 'सायबरनेटिक्स' हे नाव योजले ते त्याच निबंधाची आठवण ठेवून, कारण सुकाणू धरणाऱ्या ग्रीक 'कुबेर्नेतेस'चेच लॅटिनमार्गे गव्हर्नर झाले आहे. हा पक्ष थर्मोस्टॅटपुरता निर्विवाद आहे. पण गव्हर्नराचे फिरणारे गोळे फक्त आत्ताचा वेग ओळखतात. घरात कोण आहे, काल या वेळी काय घडले, खिडकी उघडी आहे का, हे ते विचारीत नाहीत. जो विचारतो, लक्षात ठेवतो आणि विसरतो, तो डीमन.

युरोपातील अनेक घरांत आता खोली तापवणाऱ्या रेडिएटरला छोट्या मोटरवर फिरणारी बिनतारी झडप बसवतात, आणि ती केव्हा व किती उघडायची हे कपाटात ठेवलेल्या रास्पबेरी पायवरचा डीमन ठरवतो. हा संगणक केंब्रिजमध्ये आखला गेला, आणि १८७१ पासून कॅव्हेंडिश प्रयोगशाळेची धुरा मॅक्सवेल यांनी वाहिली तीही केंब्रिजमध्येच. योगायोगाला पुरावा मानता येत नाही, तेव्हा त्यावर अधिक भार टाकू नये. पण डीमनाला झडप म्हणा ही त्यांची सूचना त्या काळी बाजूला पडली असली, तरी या घरांत डीमन आणि झडप शेवटी एकाच कामावर रुजू झाले आहेत.