पिवळा म्हणजे नेमका कोणता?

आमची टीम सांगली-साताऱ्यात वाटलेली. स्क्रिप्ट एकच, पण वॉर्निंग माझ्या सांगलीतल्या टर्मिनलवर पिवळी, साताऱ्यातल्या मित्राच्या लिनक्स कन्सोलवर तपकिरी. बग कुणाचा? कुणाचाच नाही!

१९७८च्या व्हीटी१०० टर्मिनलला रंगच नव्हते. मानकात आठ रंगांना आकडे मिळाले, ३३ म्हणजे पिवळा. पण छटा ठरलीच नाही. १९८१च्या आयबीएम पीसीवर गडद पिवळा मुद्दाम तपकिरी दाखवला गेला. लिनक्स कन्सोलवर तो आजही तसाच आहे.

आमच्याकडे हळदीचा सौदासुद्धा नुसतं ‘पिवळी’ म्हणून होत नाही, नमुना बघावा लागतो. म्हणून रंग चुकला की आधी टर्मिनलचं पॅलेट बघा, मग टर्म व्हेरिएबल. आणि महत्त्वाची वॉर्निंग नुसत्या रंगावर सोडू नका, शब्दांतही लिहा.