घराची वॉरंटी: १८८२ पासून आजवर

मिक्सर घेताना आपण वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घेतो. फ्लॅट घेताना किती जण विचारतात?

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात विकणाऱ्यावर बंधन एवढंच: स्वतःला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला नीट बघूनही दिसणार नाही असा मोठा दोष सांगायचा. बाकी घेणाऱ्यानं बघून घ्यायचं. गवंडी लावून, आपल्या नजरेसमोर चिऱ्याचं घर बांधायच्या काळात ते चालून गेलं.

पुढे फ्लॅट आले. बांधणारा एक, राहणारा दुसरा. त्यासाठी १९६३ चा 'मोफा' कायदा. त्यात दोष दाखवायची मुदत ताब्यापासून तीन वर्षं. मग २०१६ चा 'रेरा': मुदत पाच वर्षं. बांधकामात दोष दिसला की कळवायचं, बिल्डरनं तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई. मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात सळी गंजायला वेळ लागत नाही, म्हणून ही मुदत आपल्याला जास्त मोलाची.

मधेच फ्लॅट विकलात तर उरलेली वर्षं नव्या मालकाला मिळतात. त्यामुळे ताबापत्र जपून ठेवा, विकताना तेही उपयोगी पडतं. गळती असेल तर विकतानाच लेखी सांगा, मागाहून भांडण नको.

एक मेख आहे. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या स्कीमला रेरा नोंदणीची सक्ती नाही. तिथे पाच वर्षांची अट करारनाम्यातच घालून घ्या. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तोंडी आश्वासन पहिल्या पावसात वाहून जातं.