लेसर, त्वचा आणि सोने

भिंगाखाली काळा कागद पांढऱ्याआधी पेटतो, हे आपण वर्गात दाखवतोच. त्वचेवरील लेसर उपचारांचे तत्त्व हेच आहे आणि धोकाही तोच.

थिओडोर मैमन यांनी १९६० साली माणकाचा पहिला लेसर चालवून दाखवला. तीन वर्षांतच अमेरिकेतील सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन तो त्वचेवर वापरून पाहत होते. गडद भाग अधिक भाजतो, असे त्यांना दिसले. पुढे जन्मखुणांवर आरगॉन लेसर आला, पण उष्णता शेजारी पसरून व्रण राहत. १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी तोडगा सुचवला. उष्णतेला पसरायला वेळच मिळणार नाही इतका प्रकाशाचा स्पंद आखूड ठेवायचा. रंगद्रव्याच्या बारीक कणांसाठी तो नॅनोसेकंदांत मोजावा लागतो.

आता लेसर नेमका झाला. मात्र तो रंग ओळखतो, रोग्याचा पूर्वेतिहास नाही.

संधिवातावर सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने देण्याची पद्धत फ्रान्सचे जाक फोरेस्तिए यांनी १९२९ पासून रूढ केली. या सोन्याचे सूक्ष्म कण त्वचेत वर्षानुवर्षे राहतात, अनेकदा कुणाला न दिसता. १९९५ साली एक विचित्र अनुभव प्रसिद्ध झाला. पूर्वी हे औषध घेतलेल्या रुग्णाचे काळसर डाग घालवण्यासाठी नॅनोसेकंद स्पंदांचा माणिक-लेसर वापरला आणि त्या जागी निळे-काळे डाग उमटले! डाग घालवणाऱ्या यंत्रानेच डाग पाडले. लेसरमुळे सोन्याच्या कणांचे स्वरूप बदलते, असे मानतात. सोन्याचा रंग कणांच्या आकारावर ठरतो, हे मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्येच सांगितले होते. त्यांची सोन्याची लाल द्रावणे आपल्याला कलिलांच्या पाठात भेटतात. असे डाग पुढे लांब स्पंदाच्या लेसरने फिके करता आले, हे त्यातल्या त्यात बरे.

खबरदारीचा अतिरेकही झाला. तीव्र मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन अमेरिकेत १९८२ मध्ये आले. ते घेणाऱ्या काहींना त्वचा खरवडण्याच्या उपचारानंतर जाड व्रण उठल्याची वृत्ते त्याच दशकात आली. तेव्हापासून औषध थांबवून किमान सहा महिने कोणताही लेसर नको, असा दंडक पडला. खरवडणे वेगळे आणि केसांच्या मुळांपुरती उष्णता देणे वेगळे, पण नियम सर्वांना एकच! २०१७ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांच्या एका गटाने जुनी वृत्ते पुन्हा तपासली. केस काढण्याच्या लेसरसाठी एवढे थांबण्यास पुरेसा आधार नाही, असे त्यांना आढळले. चेहऱ्याचा संपूर्ण वरचा थर काढून टाकणाऱ्या लेसरबाबत मात्र थांबण्याचा सल्ला त्यांनी कायम ठेवला.